बालसुरक्षेच्या शिक्षणासाठी कंपनीचा निधी : घ्यावा का, आणि घेतला तर कोणत्या अटींवर?

इंद्रायणीकाठ :

सर्वांना नमस्कार. चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात आमची एक अनुदानित मराठी शाळा आहे आणि ती चालवणाऱ्या संस्थेच्या कार्यकारी मंडळावर मी सहा वर्षांपासून आहे. पाचवी ते दहावीपर्यंत सुमारे ९०० मुले शिकतात. त्यांपैकी बऱ्याच मुलांचे आईवडील कारखान्यांत पाळीने काम करतात, त्यामुळे शाळा सुटल्यापासून रात्री आठपर्यंत मुले शेजाऱ्यांच्या किंवा मोठ्या भावंडांच्या भरवशावर असतात आणि काही मुलांजवळ कोणीच नसते.

गेल्या महिन्यात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या जवळच्याच एका कंपनीने बालसुरक्षेच्या शिक्षणासाठी आम्हाला निधी देऊ केला. सर्व मुलांना एक दिवस मार्गदर्शन करायचे आणि ते कंपनीच्या स्वयंसेवकांनीच करायचे, प्रत्येक मुलाला पुस्तिका आणि कंपनीचे बोधचिन्ह असलेले दप्तर द्यायचे, शाळेच्या आवारात १६ सीसीटीव्ही कॅमेरे बसवायचे आणि कार्यक्रमाची छायाचित्रे कंपनीच्या अहवालासाठी घ्यायची, असा तो प्रस्ताव आहे. मंडळातील बहुतेकांना ताबडतोब होकार कळवावा असे वाटते. बदलापूरच्या घटनेनंतर शासनाने २१ ऑगस्ट २०२४ च्या निर्णयाने खाजगी शाळांना महिनाभरात कॅमेरे बसवण्यास सांगितले होते. आमच्याकडे प्रवेशद्वारावर दोनच कॅमेरे आहेत आणि त्यांपैकी एक बंद असतो, तेव्हा त्यांची घाई मला समजते.

मी थांबलो आहे, त्याचे कारण चार वर्षांपूर्वीचे आहे. त्या वेळी एका दुसऱ्या कंपनीने असाच एक दिवसाचा कार्यक्रम केला. मंडप घातला, साडेतीनशे मुले एकत्र बसवली, 'चांगला स्पर्श, वाईट स्पर्श' यावर पाऊण तासाचे भाषण झाले, टोप्या वाटल्या आणि छायाचित्रे निघाली. कार्यक्रम संपल्यावर सहावीतील एक मुलगी एका स्वयंसेवकाजवळ गेली आणि तिने घरातील एका माणसाबद्दल त्याला दोन वाक्ये सांगितली. तो स्वयंसेवक भला माणूस होता, पंचवीस-सव्वीस वर्षांचा अभियंता. ऐकल्यावर काय करायचे हे त्याला कोणीही सांगितलेले नव्हते. त्याने सोमवारी आपल्या वरिष्ठांना सांगितले, वरिष्ठांनी हा शाळेचा विषय आहे असे म्हणून पत्र पाठवण्याचे ठरवले आणि आम्हाला ते आठव्या दिवशी कळले. ते आठ दिवस ती मुलगी त्याच घरात राहत होती.

पुढे पोलिसांपर्यंत आणि बालकल्याण समितीपर्यंत सर्व रीतसर झाले. त्याविषयी अधिक लिहिणे योग्य नाही. पण आम्ही मुलांना 'सांगा' असे शिकवले आणि ऐकणाऱ्याची काहीच तयारी करून ठेवली नाही, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. म्हणून विचारतो. असा निधी घ्यावा का? घेतला तर करारात काय लिहून घ्यावे? ज्यांनी कंपनीच्या, शाळेच्या किंवा कायद्याच्या बाजूने हे काम जवळून पाहिले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

ताळेबंद :

इंद्रायणीकाठ, आपण थांबलात हे फार बरे केलेत. मी एका कारखान्याच्या सीएसआर विभागात, म्हणजे कंपनीचा सामाजिक कामाचा निधी पाहणाऱ्या विभागात, नऊ वर्षे काम करतो, तेव्हा कंपनीच्या बाजूचे गणित मांडतो. ते समजले की काय मागता येते हेही समजेल.

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ज्या कंपनीची निव्वळ मत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक आहे, तिने आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते. हे १ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. कारखाना जिथे आहे त्या परिसराला प्राधान्य द्यावे असेही कायदा म्हणतो, म्हणजे चाकणच्या कारखान्याने चाकणच्या शाळेकडे यावे हे अपेक्षितच आहे. त्यासाठी संस्थेने उपकाराच्या भावनेने दबून जाण्याचे काहीच कारण नाही.

आता वेळेचे बघा. वर्ष ३१ मार्चला संपते. निधी शिल्लक राहिला तर तो कायद्याने ठरवलेल्या खात्यात किंवा निधीत भरावा लागतो, म्हणून जानेवारी ते मार्च या काळात शाळांचे फोन अधिक वाजतात. एक दिवसाचा कार्यक्रम, दप्तरे आणि कॅमेरे या तिन्ही गोष्टी मार्चपूर्वी खर्च दाखवता येतील अशा आहेत. प्रशिक्षण तसे नसते. परंतु याला कायद्यातच वाट आहे. कंपनीच्या संचालक मंडळाने हे काम 'चालू प्रकल्प' म्हणून मंजूर केले, तर सुरुवातीचे वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत ते चालवता येते आणि न खर्चलेली रक्कम वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत स्वतंत्र खात्यात ठेवून त्याच कामासाठी वापरता येते. आपण पहिल्याच बैठकीत तीन वर्षांचा प्रकल्प मागा. माझ्या अनुभवात कंपन्या याला नकार देत नाहीत. शाळा मागत नाहीत, एवढेच.

बोधचिन्हाबद्दलही स्पष्ट बोला. आपल्या वस्तूंची किंवा सेवांची जाहिरात व्हावी म्हणून दिलेले प्रायोजकत्व सीएसआरमध्ये धरता येत नाही, असे नियमांत लिहिलेले आहे. अहवालात कंपनीचे नाव येणे योग्यच आहे, पण मुलाच्या पाठीवर ते कशाला हवे? कॅमेऱ्यांची मालकी कोणाची, हाही प्रश्न आधीच सोडवा. अशी मालमत्ता कंपनीच्या नावावर राहू शकत नाही. संस्थेकडे प्राप्तिकराच्या १२अ आणि ८०जी या नोंदण्या आणि सीएसआर नोंदणी क्रमांक आहे का, हे तपासून घ्या. नसेल तर तीन वर्षांचा अनुभव असलेल्या एखाद्या नोंदणीकृत संस्थेमार्फत काम करणे सोपे जाईल.

शालासमुपदेशक :

आपल्या लेखनातील 'ऐकणाऱ्याची काहीच तयारी नव्हती' हे वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. मी पिंपरी-चिंचवड परिसरात तीन शाळांमध्ये समुपदेशक म्हणून जाते. एका वर्गासमोर नीट शिकवले, तर त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत किमान एक मूल काही तरी सांगायला येते, असा माझा अनुभव आहे. म्हणून मुलांच्या वर्गाची तारीख मी सर्वांत शेवटी ठरवते. आधी शिक्षक, मग शिपाई, सेविका आणि व्हॅनचे चालक, मग पालक आणि त्यानंतर मुले, हा क्रम कोणत्याही कारणाने उलटू देऊ नका.

केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या १३ राज्यांच्या पाहणीत ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारच्या लैंगिक छळाचा अनुभव सांगितला होता. आपल्या प्रत्येक वर्गात हे मूल बसलेले आहे असे धरूनच उभे राहावे लागते. साडेतीनशे मुलांच्या मंडपात उभे राहून ते साधत नाही. वर्गात तीस-चाळीस मुले, एक तास, पुन्हा पुढच्या आठवड्यात एक तास, असे चार ते सहा तास लागतात आणि दर तासानंतर ज्याला एकट्याने बोलायचे आहे त्याच्यासाठी वेळ राखून ठेवावा लागतो. मुंबईची 'अर्पण' ही संस्था २००६ पासून वैयक्तिक सुरक्षा शिक्षणाचे काम करते आहे. तिच्या पद्धतीत मुलांबरोबर शिक्षक आणि पालक यांचे प्रशिक्षण हा भाग वेगळा काढता येत नाही, आणि मला तेच मोलाचे वाटते.

आता आशयाबद्दल, कारण पुस्तिका छापण्याची घाई सर्वांत आधी होते. 'चांगला स्पर्श, वाईट स्पर्श' ही शब्दयोजना मी सोडून दिली आहे. त्रास देणारा माणूस पुष्कळदा खाऊ देतो, लाड करतो, जवळ घेतो. मुलाला तो स्पर्श वाईट वाटेलच असे नाही, आणि वाटला नाही म्हणून ते स्वतःला दोषी मानते. म्हणून 'सुरक्षित' आणि 'असुरक्षित' म्हणावे, आणि अंगाचे झाकून ठेवायचे भाग कोणते, ते कोणी, कधी आणि कशासाठी पाहू किंवा स्पर्श करू शकते, हा नियम साध्या शब्दांत सांगावा.

दुसरी अडचण आपल्या भाषेतलीच आहे. बाहेरून आलेल्या साहित्यात 'अनोळखी माणसापासून सावध राहा' यावर भर असतो. आपण मुलाला रिक्षावाला काका, दूधवाले मामा, शेजारचे आजोबा असेच बोलायला शिकवतो. मराठी मुलाच्या जगात अनोळखी माणूस जवळजवळ उरतच नाही, आणि पॉक्सोच्या, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याखालील, गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा असल्याचे प्रमाण पोलिसांच्या नोंदींत नव्वद टक्क्यांहून अधिक आहे. शिवाय 'मोठ्यांचे ऐकावे', 'पाहुण्यांना पापी दे', 'पाया पड' हे सर्व आपणच लावलेले वळण आहे. म्हणून मुलांशी नात्यांबद्दल न बोलता वागण्याबद्दल बोलावे लागते. काका चांगले की वाईट हे मुलाने ठरवायचे नाही. 'हे कोणाला सांगू नकोस' असे कोणी म्हटले, की ते सांगायचेच, एवढे त्याच्या मनात पक्के बसले पाहिजे. कोणाला सांगायचे, याची पाच नावे प्रत्येक मुलाने स्वतः लिहावीत. एकाने ऐकले नाही तर दुसऱ्याकडे जायचे, हेही त्याला माहीत असावे.

कंपनीच्या कोणत्याही पुस्तिकेत मला हा परिच्छेद सापडलेला नाही. म्हणून पुस्तिका कोण लिहितो आणि तिच्यावर अंतिम सही कोणाची, हे करारात असू द्या.

न्यायपथ :

मी वकील आहे आणि बालहक्कांची प्रकरणे पाहतो. इंद्रायणीकाठ यांनी सांगितलेल्या प्रसंगातील कायद्याची बाजू सर्वांनी समजून घ्यावी, कारण कंपनीचे अधिकारी आणि शाळेचे विश्वस्त दोघेही त्याबाबत सारखेच अनभिज्ञ असतात.

पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून अमलात आहे. १८ वर्षांखालील मुलाबाबत असा गुन्हा घडल्याचे कोणत्याही व्यक्तीला कळले, किंवा घडण्याची शक्यता तिच्या लक्षात आली, तर तिने विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणे कलम १९ ने बंधनकारक केले आहे. या 'कोणत्याही व्यक्ती'त स्वयंसेवक येतो आणि त्याचा वरिष्ठही येतो. न कळवल्यास कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत शिक्षा होऊ शकते. आपल्या हाताखालच्या माणसाने केलेला गुन्हा दडवणाऱ्या प्रमुखासाठी ती एक वर्षापर्यंत आहे, आणि त्या कलमात 'कंपनी किंवा संस्था' असे शब्द स्पष्टपणे आहेत. सद्भावनेने कळवणाऱ्याला संरक्षण आहे. चौकशी करून खात्री करून घेणे हे आपले काम नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील वसतिगृहाच्या प्रकरणात २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, गुन्हा कळवणे टाळणाऱ्यावरील कारवाई सुरुवातीलाच रद्द करता येणार नाही असे सांगताना, तत्काळ माहिती देण्याचे महत्त्व अधोरेखित केले आहे.

म्हणून करारात एक संपूर्ण परिच्छेद केवळ याच विषयाचा असावा. मुलाने कोणालाही काही सांगितले, तर ऐकणाऱ्याने त्याच दिवशी शाळेतील नेमून दिलेल्या व्यक्तीला सांगायचे, त्या व्यक्तीने पोलिसांना कळवायचे आणि कंपनीच्या कार्यालयातून परवानगी येण्याची वाट पाहायची नाही. पोलिसांनी २४ तासांत बालकल्याण समितीला कळवायचे असते, तेही शाळेने विचारत राहावे. मूल जबाबासाठी ठाण्यात नेण्याची आवश्यकता नसते. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरे वाटेल अशा ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो.

आता छायाचित्रांविषयी. बालसुरक्षेच्या वर्गात बसलेल्या मुलाचे छायाचित्र कंपनीच्या अहवालात छापले आणि पुढे त्याच वर्गातील मुलाचे प्रकरण उभे राहिले, तर ओळख उघड होण्याचा धोका थेट निर्माण होतो. पॉक्सोचे कलम २३ आणि बाल न्याय कायद्याचे कलम ७४ ओळख उघड करण्यास मनाई करतात. माझ्या मते या वर्गांत कॅमेरा नेऊच नये. शिक्षकांच्या प्रशिक्षणाची छायाचित्रे खुशाल काढावीत.

२०२० च्या पॉक्सो नियमांतील नियम ३ सुद्धा वाचावा. मुलांच्या नियमित संपर्कात येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी करणे आणि मुलांच्या संरक्षणाचे लेखी धोरण ठेवणे ही संस्थेचीच जबाबदारी आहे. वर्गावर येणाऱ्या स्वयंसेवकांनाही तोच निकष लावण्यात कंपनीने अपमान मानू नये.

सातारकर गुरुजी :

मी ३४ वर्षे प्राथमिक शिक्षक आणि शेवटची ११ वर्षे मुख्याध्यापक होतो. वरील सर्व मुद्दे पटले, तरी माझ्या मनातील खंत मांडतो. जे काम कायद्याने शाळेचे आणि शासनाचे आहे, त्यासाठी आपण कारखान्याच्या दारात का जावे? १० मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने प्रत्येक शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असायला हवी. तक्रारपेटी असायला हवी. किती शाळांत या समितीची बैठक खरोखर होते, हे प्रत्येकाने आपल्या शाळेत जाऊन पाहावे. बैठकीला एक रुपयाही लागत नाही. निधी मिळाला की समितीचे काम कंपनीकडे सोपवले जाते आणि कंपनीने तालुका बदलला की शाळा पूर्वीच्या जागी येते, असे मी दोन वेळा पाहिले आहे. निधी नाकारा असे मी म्हणत नाही. परंतु निधी येण्यापूर्वी समितीच्या निदान तीन बैठकांचे इतिवृत्त तयार असावे, मग करार करावा.

मृण्मयी इंग्लंडहून :

गुरुजींच्या मुद्द्याला जोडूनच लिहिते. माझी दोन्ही मुले इथल्या सरकारी प्राथमिक शाळेत शिकली. इथे सप्टेंबर २०२० पासून प्राथमिक शाळांत नातेसंबंधांचे शिक्षण अनिवार्य आहे आणि प्रत्येक शाळेत मुलांच्या संरक्षणासाठी नेमलेली एक प्रशिक्षित वरिष्ठ व्यक्ती असावीच लागते. तिचे छायाचित्र आणि नाव प्रवेशद्वाराजवळच्या भिंतीवर लावलेले असते. हा पाया शासनाचा आहे. त्यावर एनएसपीसीसी ही धर्मादाय संस्था शाळांना 'बोला, सुरक्षित राहा' अशा आशयाचा कार्यक्रम विनामूल्य देते आणि तिच्यासाठी लिडल ही किराणा दुकानांची साखळी २०१७ पासून निधी उभा करते आहे.

माझ्या मुलांना हा कार्यक्रम कोणाच्या पैशाने होतो हे कधी कळलेही नाही. त्या कार्यक्रमातील 'बडी' हे हिरव्या रंगाचे चित्रपात्र आणि मदतीचा दूरध्वनी क्रमांक त्यांना आजही पाठ आहे. दुकानाने ग्राहकांकडून आणि कर्मचाऱ्यांकडून पैसे जमवले आणि काय शिकवायचे हे संस्थेवर सोडले. लहान मुलांसाठी त्यांनी चड्डीचा नियम केला आहे, म्हणजे चड्डीने झाकलेले ते खाजगी, माझे शरीर माझे, नको म्हणजे नको, मनाला त्रास देणारे गुपित सांगून टाकायचे. माझी मुलगी पाच वर्षांची असताना मी तिला तो घरी मराठीत समजावला, तेव्हा शरीराच्या भागांसाठी घरात वापरता येईल असा न लाजता उच्चारण्याजोगा शब्द मला चटकन सापडेना. शेवटी डॉक्टरांसमोर जो शब्द वापरू तोच वापरायचा असे आम्ही ठरवले.

आपल्याकडे चाइल्डलाइनचा १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक आहे. चाइल्डलाइनची सुरुवात १९९६ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या कामातून झाली, हे मला इथे येऊन कळले याचे वाईट वाटते. दप्तरावर काही छापायचेच असेल तर हा क्रमांक छापावा.

हिंजवडीकर :

माझे क्षेत्र संगणकाचे आहे, म्हणून त्या बाजूने एक भर घालतो. जुलै २०२० मध्ये सीबीएसई आणि फेसबुक यांनी मिळून विद्यार्थी आणि शिक्षकांसाठी डिजिटल सुरक्षिततेचा अभ्यासक्रम जाहीर केला होता. टाळेबंदीत मुले दिवसभर पडद्यासमोर होती, तेव्हा अशा प्रशिक्षणाची गरज निर्विवाद होती. तरीही, मूल जितका अधिक वेळ पडद्यावर राहील तितका जिचा व्यवसाय वाढतो, त्या कंपनीने मुलांना चांगल्या डिजिटल सवयी शिकवणे मला मूलतः अवघड वाटते. परवलीचा शब्द कसा ठेवावा, नको असलेल्या माणसाला कसे रोखावे, हे ती उत्तम शिकवील. पडद्यावर एकामागून एक येणाऱ्या गोष्टींची मालिका संपतच नाही अशी का रचलेली आहे, हे ती शिकवणार नाही.

यावरून मी एक कसोटी मानतो. ज्या धोक्याशी कंपनीच्या कमाईचा संबंध आहे, त्या धोक्याबद्दलचा मजकूर तिने लिहू नये. पैसे द्यावेत आणि लेखन शिक्षकांनी व स्वतंत्र तज्ज्ञांनी करावे. मोफत ॲप देऊ करणाऱ्यांबाबत तर अधिक सावध राहावे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याच्या कलम ९ मध्ये मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळलेली संमती घेण्याची आणि मुलांचा माग काढण्यास किंवा त्यांना लक्ष्य करून जाहिरात करण्यास मनाई करण्याची तरतूद आहे. शाळेने मुलांची नावे आणि दूरध्वनी क्रमांक एका तक्त्यात भरून देणे, हे या काळात किरकोळ काम राहिलेले नाही.

ताळेबंद :

हिंजवडीकर यांची कसोटी योग्य आहे, पण तिची दुसरी बाजूही आहे. काही धोके असे आहेत की कंपनीलाच त्यांचे ज्ञान असते. पुण्यातील शाळांमध्ये हनीवेल आणि सेफ किड्स फाउंडेशन यांनी घरातील भाजण्या-पोळण्याच्या अपघातांविषयी मुलांना शिकवण्याचा उपक्रम केला. आग आणि धूर ओळखणारी उपकरणे बनवणाऱ्या कंपनीला तो विषय कळतो. आपल्या पट्ट्यातील प्रत्येक मोठ्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी असतात आणि ४ मार्चचा राष्ट्रीय सुरक्षा दिन तिथे मनापासून पाळला जातो. त्या अधिकाऱ्यांनी मुलांना विजेची उघडी वायर, गॅसची शेगडी, उकळते पाणी आणि रस्ता ओलांडणे शिकवावे. दुचाकीवरील चार वर्षांपर्यंतच्या मुलाला हेल्मेट आणि सुरक्षापट्टा फेब्रुवारी २०२३ पासून सक्तीचा आहे. चाकण चौकात सकाळी किती पालक तो वापरतात, हे आपण सर्व जण रोज पाहतो.

स्वयंसेवकांना वर्गात यायची इच्छा असते आणि ती चांगली इच्छा आहे. तिला ही वाट द्या. शरीराच्या सुरक्षिततेचा वर्ग मात्र प्रशिक्षित व्यक्तीकडेच राहू द्या. कंपनीला ही विभागणी समजावून सांगितली तर पटते, कारण कारखान्यातही परवाना नसलेल्या माणसाला विजेच्या पेटीला कोणी हात लावू देत नाही.

इंद्रायणीकाठ :

गेल्या तीन आठवड्यांत दोन बैठका झाल्या. आपण सर्वांनी वेळ काढून लिहिलेत, म्हणून काय घडले ते कळवणे माझे कर्तव्य आहे.

पहिल्या बैठकीत मी चार वर्षांपूर्वीचा प्रसंग, कोणतीही ओळख न देता, कंपनीच्या प्रतिनिधींना सांगितला. त्यांच्यातील एक बाई बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी स्वतःच विचारले की आमच्या माणसाने ऐकले असते तर आम्ही वेगळे काय केले असते. त्यानंतरची चर्चा सोपी झाली. दप्तरांचा विषय त्यांनी आपणहून मागे घेतला आणि ती रक्कम समुपदेशकाच्या मानधनाकडे वळवली. आठवड्यातून दोन दिवस समुपदेशक शाळेत येईल आणि हे तीन वर्षे चालेल. संचालक मंडळापुढे ते 'चालू प्रकल्प' म्हणून ठेवणार आहेत. मुलांच्या वर्गात कॅमेरा जाणार नाही, हे मान्य झाले. पुस्तिकेचा मसुदा आमचे दोन शिक्षक आणि प्रशिक्षण देणारी संस्था करील.

कॅमेऱ्यांबाबत एकमत झाले नाही. कंपनीला १६ कॅमेरे द्यायचे आहेत, कारण ती मोजता येणारी गोष्ट आहे. मुख्याध्यापिकांचे म्हणणे असे की चित्रण रोज पाहणारा माणूस नसेल तर कॅमेऱ्यांचा उपयोग गुन्हा घडून गेल्यावरच होतो. शेवटी ८ कॅमेरे, आणि उरलेल्या रकमेतून मुलींच्या स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या वाटेवर दिवे आणि दुरुस्त केलेली दारे, असे ठरले. त्या दारांच्या कड्या दोन वर्षांपासून तुटलेल्या आहेत, हे बैठकीत उच्चारताना आम्हा विश्वस्तांना मान खाली घालावी लागली. त्यासाठी कोणत्याही कंपनीची वाट पाहण्याचे कारण नव्हते.

गुरुजी, सखी सावित्री समितीची एक बैठक झाली, दुसरी पुढच्या गुरुवारी आहे. आपण सांगितलेल्या तीन पूर्ण झाल्याशिवाय करारावर सही होणार नाही, असा ठराव मंडळाने केला आहे. पोलिसांना कळवण्यासाठी नेमलेली व्यक्ती म्हणून मुख्याध्यापिकांनी स्वतःचे नाव दिले आणि त्या नसतील तेव्हासाठी कनिष्ठ विभागातील एका शिक्षिकेचे. तक्रारपेटीची किल्ली आजवर कार्यालयातील लिपिकाकडे असे. ती आता समितीतील पालक सदस्य बाई आणि मुख्याध्यापिका या दोघींच्या उपस्थितीत, दर शनिवारी, उघडली जाईल.

एक प्रश्न समुपदेशक ताईंसाठी राहिला आहे. आमच्याकडील साधारण दीडशे मुले घरी हिंदी, भोजपुरी किंवा कन्नड बोलतात. मराठी पुस्तिकेतील शब्द त्यांच्या आयांपर्यंत पोहोचतील का?

शालासमुपदेशक :

पुस्तिकेने पोहोचणार नाहीत. त्या वस्तीतील अंगणवाडी सेविकेला आणि तिथल्याच दोन-तीन आयांना आधी बोलावून घ्या, आणि शरीराच्या भागांना त्यांच्या घरात काय म्हणतात हे त्यांनाच विचारा. पालक सभा रविवारी सकाळी ठेवली तर रात्रपाळीहून आलेले वडीलही येतात, असे मी दोन वस्त्यांत पाहिले आहे. वडिलांना बोलावणे टाळू नका. पहिले सत्र शिपाई, सेविका आणि व्हॅनचालकांचे ठेवा आणि ते शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर घ्या. चालकांना त्या वेळेचे भाडे बुडते, तेव्हा कंपनीच्या निधीतून त्यांचा तेवढा मोबदला धरून ठेवा. मी त्या सत्राला येऊ शकेन, तारीख कळवा.

इंद्रायणीकाठ :

मोबदल्याचे आमच्या लक्षात आले नव्हते, तो अंदाजपत्रकात घालतो. आमच्याकडे १४ व्हॅन आहेत. येत्या शनिवारच्या पुढचा शनिवार, दुपारी दीड वाजता.